जनुक-संपादित डास

हिवतापाचा प्रसार रोखण्यासाठी ज्यांच्या जनुकांत प्रयोगशाळेत नेमका बदल केला आहे असे ॲनॉफिलीस डास. २०२३ मध्ये हिवतापाने जगभरात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली, आणि बहुतेक पाच वर्षांखालची मुले. कीटकनाशकांना डास दाद देईनासे झाले आहेत, औषधांना हिवतापाचे परजीवी. म्हणून या संशोधनाला आज मोल आहे.

एरवी आईकडून किंवा बापाकडून आलेला जनुकबदल निम्म्याच संततीत उतरतो. ‘जनुक-चालना’ हा नियम मोडते. बदललेल्या जनुकासोबत क्रिस्पर ही रेणवीय कात्रीही पुढे जाते; ती जोडीच्या गुणसूत्रावरची मूळ प्रत कापते आणि पेशी बदललेली प्रत पाहून तो तुटलेला भाग सांधते. त्यामुळे जवळपास साऱ्या पिल्लांत बदल येतो आणि पिढ्यांमागून पिढ्या पसरत जातो. अशी कल्पना लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील ऑस्टिन बर्ट यांनी २००३ मध्येच, क्रिस्परच्या आधी, मांडली होती. तिथल्याच आंद्रेआ क्रिसांती यांच्या गटाने २०१८ मध्ये ॲनॉफिलीस गँबी या जातीच्या ‘डबलसेक्स’ जनुकावर नेम धरला. या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेली मादी चावू शकत नाही, अंडीही घालत नाही. पिंजऱ्यांतली डासांची वस्ती ७ ते ११ पिढ्यांत संपली.

दुसरी वाट डास राखून रोगाची साखळी तोडण्याची. ती अधिक शहाणपणाची वाटते, कारण तीत एखादी जात निसर्गातून पुसून टाकावी लागत नाही. २०२५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ॲनॉफिलीस स्टीफेन्सीच्या एका प्रथिनातले एकच ॲमिनो आम्ल बदलले आणि हिवतापाच्या परजीवीला डासाच्या लाळग्रंथींपर्यंत पोचणे अवघड झाले. हीच जात मुंबईसारख्या शहरांत विहिरी आणि गच्चीवरच्या टाक्यांत वाढून हिवताप पसरवते, आणि २०१२ पासून आफ्रिकेतही शिरली आहे. त्यामुळे हे काम आपल्याही घराजवळचे आहे.

एकदा सोडलेली चालना परत बोलावता येत नाही आणि डास देशांच्या सीमा मानत नाहीत. म्हणून ज्या गावांत डास सोडायचे तिथल्या लोकांची संमती प्रयोगाइतकीच आवश्यक आहे. बुर्किना फासोतील बाना गावात २०१९ मध्ये जनुकीय बदल केलेले वंध्य नर सोडले गेले. त्यांत चालना नव्हती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारने असे डास सोडणारा प्रकल्पच थांबवला. जनुक-चालना असलेला डास अजून कुठेही मोकळ्यावर सोडलेला नाही.