मेकूड खाणे
नाकात बोट घालून निघालेले मेकूड तोंडात टाकण्याची, विशेषतः लहान मुलांची सवय. शेंबूड म्हणजे मुख्यतः पाणी, थोडी प्रथिने व क्षार. धूळ धरून तो वाळला की त्याचे मेकूड होते, ते नाकपुडीत टोचते आणि बोट आपसूक तिकडे जाते. चव खारट लागते, लाज अजून शिकायची असते. मोठी मुलेही सुटलेली नाहीत : बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील चित्तरंजन आंद्राडे व बी. एस. श्रीहरी यांनी २०० किशोरवयीन विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा जवळजवळ सर्वांनी नाक कोरत असल्याचे कबूल केले. खाणारे थोडेच निघाले. या पाहणीला २००१ चे इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या व मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळाले. मादागास्करचा आय-आय हा प्राणीही लांबलचक मधले बोट नाकात घालून चाटतो. मेकूड खाल्ल्याने प्रतिकारशक्ती वाढते, हे सिद्ध झालेले नाही. एरवीही शेंबूड घशावाटे पोटात जातच असतो. खरा उपद्रव नखांचा. त्यांनी आतली नाजूक त्वचा सोलते, घोळणा फुटतो.