चांदीच्या खाणी आणि जुन्या भावांची भाषा

दिवाळी अंकात शेअरच्या भावावर लेख? विषय ऐकून आमच्या संपादिकाबाईंच्या भुवया वर गेल्या. "अहो, लोक चकली खाता खाता वाचणार आहेत," असं त्या म्हणाल्या. पण चांदीचं आणि दिवाळीचं नातं मी वेगळं सांगायला नको. लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर चांदीचं नाणं असतंच, मग घर पुण्यात असो नाहीतर न्यू जर्सीत. फरक एवढाच, की इथे आल्यावर आपल्यातल्या बऱ्याच जणांनी चांदी वेगळ्या रूपातही घेतली. चांदीच्या खाणी चालवणाऱ्या कंपन्यांचे फंड घेतले. ही चांदी डब्यात नसते, कागदावर असते. आणि त्या कागदावरचा जुना भाव वाचायला थोडं शिकावं लागतं. माझी सारी नोकरी हिशेबाच्या खात्यात गेली, म्हणून हा लेख लिहायचं धाडस.

आधी चांदीचा स्वभाव बघू. १९७० च्या दशकाच्या अखेरीस टेक्ससच्या हंट बंधूंनी चांदी आणि चांदीचे वायदे प्रचंड प्रमाणात घ्यायला सुरुवात केली. जानेवारी १९८० मध्ये भाव औंसाला ५० डॉलरच्या घरात गेला. मग बाजाराने नियम आवळले, उधारीवर खरेदी करणं कठीण झालं, आणि २७ मार्च १९८० रोजी भाव ११ डॉलरच्या खाली कोसळला. त्या दिवसाला इथे 'सिल्व्हर थर्सडे' म्हणतात. त्यानंतरची वीसेक वर्षं चांदी बहुतेक काळ १० डॉलरच्या आतच रेंगाळली. २००८ च्या आर्थिक संकटात ती ९ डॉलरच्याही खाली गेली, आणि तिथून उसळून एप्रिल २०११ मध्ये पुन्हा ४८ डॉलरच्या पुढे पोचली. थोडक्यात काय, तर चांदी म्हणजे सोन्याची धाकटी, पण फार लहरी बहीण!

या दुसऱ्या उसळीच्या ऐन भरात, एप्रिल २०१० मध्ये, 'ग्लोबल एक्स सिल्व्हर मायनर्स' नावाचा फंड न्यूयॉर्कच्या बाजारात आला. 'एसआयएल' हे त्याचं बाजारातलं चिन्ह. हा फंड चांदी विकत घेत नाही. मेक्सिकोत खाणी असलेली फ्रेस्निलो, कॅनडाची पॅन अमेरिकन सिल्व्हर, अमेरिकेतल्या कूर आणि हेक्ला अशा कंपन्यांचे शेअर्स घेतो. सुरुवातीला त्याचा एक शेअर साधारण १५ डॉलरला होता. वर्षभरात, चांदीच्या शिखराच्या वेळी, तो तिशीत गेला.

आता पहिली गोष्ट लक्षात घ्यायची ती ही, की खाणवाल्याचा भाव म्हणजे चांदीचा भाव नव्हे. समजा, एक औंस चांदी काढायला १५ डॉलर खर्च येतो आणि भाव २० आहे. नफा ५ डॉलर. भाव २५ झाला, म्हणजे चांदी फक्त पाव पटीने वाढली, पण नफा १० डॉलर, म्हणजे दुप्पट झाला. उलट भाव १५ वर आला की नफा शून्य! चांदी पावलं टाकते तिथे खाणीचा शेअर उड्या मारतो. २०१६ मध्ये हे स्पष्ट दिसलं. जानेवारीत १४ डॉलरच्या आसपास असलेली चांदी उन्हाळ्यात २० च्या थोडी वर गेली, आणि तेवढ्यात फंडाचा भाव जवळजवळ तिप्पट झाला. उड्या खालच्या दिशेनेही तशाच असतात. २०११ नंतर चांदी घसरत गेली, आणि २०१५ पर्यंत फंडाचा शेअर तिशीवरून सहा-सात डॉलरवर आला.

इथे दुसरी गोष्ट घडली, आणि सगळा गोंधळ तिच्यामुळेच होतो. इतका स्वस्त शेअर बरा दिसत नाही म्हणून म्हणा, किंवा व्यवहाराचा खर्च त्या मानाने जास्त पडतो म्हणून म्हणा, फंडाने २०१५ मध्ये 'रिव्हर्स स्प्लिट' केलं. तीन जुन्या शेअर्सचा एक नवा शेअर. भाव तिप्पट, शेअर्स एकतृतीयांश, तुमचे पैसे जिथल्या तिथे. भाकरीचे चार तुकडे केले म्हणून भाकरी वाढत नाही, आणि तुकडे परत जोडले म्हणून कमीही होत नाही.

ऐकायला सोपं वाटतं ना? पण हे माहीत नसेल तर घरात काय होऊ शकतं, ते मी जवळून पाहिलं आहे. आमच्या परिचयातले एक गृहस्थ २०२० मध्ये गेले. नोव्हेंबरात वहिनींनी मला फोन केला, "भाऊजी, जरा येऊन कागद बघाल का?" मी गेलो. फायलीत मार्च २०११ ची पावती होती. या फंडाचे ३०० शेअर्स, २६ डॉलरने, म्हणजे एकूण ७,८०० डॉलर. आणि ब्रोकरच्या ताज्या कागदावर शेअर्स होते फक्त १००.

"बाबांनी २०० शेअर्स विकले, काका," मुलगा म्हणाला. "२०१५ सालीच. तारखेवरून कळतंय." वहिनी काहीच बोलल्या नाहीत. २०१५ मध्ये साताऱ्याला दिरांच्या घराचं काम निघालं होतं, आणि इथून पैसे गेले असावेत असा मुलाचा समज झाला होता. घरात ते कोणी मोठ्याने म्हणत नव्हतं. पण साताऱ्याहून येणारे फोन महिनाभर आखडते झाले होते, हे मला नंतर कळलं.

मी २०१५ ची स्टेटमेंट्स काढायला सांगितली. विक्रीची नोंद कुठेच नव्हती. खात्यात पैसे जमा झाल्याचीही नव्हती. एका ओळीत ३०० शेअर्स वजा आणि लगेच खालच्या ओळीत १०० जमा, एवढंच. कुणीही काहीही विकलं नव्हतं.

मुलाचा दुसरा हिशेबही तपासावा लागला. "२६ ला घेतला, आज ४० च्या आसपास आहे, म्हणजे फायदाच की," असं तो म्हणत होता. पण २६ हा जुन्या शेअरचा भाव आणि ४० हा नव्या शेअरचा. नव्या मापाने वडिलांनी शेअर घेतला तो ७८ डॉलरला. ७,८०० डॉलरचे ४,००० च्या आसपास झाले होते, म्हणजे निम्म्याच्या जवळपास गेले होते. वारसाहक्काने आलेल्या शेअर्सचा कराचा हिशेब इथे वेगळ्या पद्धतीने होतो, तो त्यांच्या अकाउंटंटने केला. वहिनींना मात्र त्या तोट्याचं काही वाटलं नाही. त्यांनी घड्याळात बघितलं, तिकडे सकाळ झाली असेल असं म्हणाल्या, आणि साताऱ्याला फोन लावला.

तिसरी गोष्ट डिव्हिडंडची. जुन्या भावांच्या तक्त्यात बहुधा दोन रकाने असतात. एक नुसता बंद भाव, तोही स्प्लिट धरून बदललेला. दुसरा 'ॲडजस्टेड' भाव. त्यात मधल्या काळात मिळालेले डिव्हिडंडही हिशेबात धरून जुना भाव खाली आणलेला असतो. म्हणून एकाच दिवसाचे तीन आकडे सापडतात. पावतीवर २६, पहिल्या रकान्यात ७८, आणि दुसऱ्यात ७८ हून कमी. तिन्ही खरे आहेत. पावती सांगते, त्या दिवशी खिशातून काय गेलं. पहिला रकाना सांगतो, आजच्या शेअरच्या मापाने ते किती. दुसरा सांगतो, डिव्हिडंड पुन्हा त्यातच गुंतवले असते तर एकूण परतावा काय पडला असता. भांडण होतं ते एका रकान्यातला आकडा दुसऱ्याशी ताडल्यामुळे.

याच्या उलट प्रकारही असतो. 'आयशेअर्स सिल्व्हर ट्रस्ट' हा खाणींचा नाही, प्रत्यक्ष चांदीचा फंड. २००६ मध्ये तो आला तेव्हा एक शेअर म्हणजे साधारण १० औंस चांदी, आणि भाव १३० डॉलरच्या पुढे. जुलै २००८ मध्ये एकाचे दहा शेअर्स केले. आजच्या तक्त्यात २००६ चा भाव १३-१४ डॉलर दिसतो, आणि नवख्याला वाटतं, वा, काय स्वस्ताई होती!

शेवटी एक प्रश्न राहतो. चांदी जुन्या शिखरावर परत आली, तर खाणींचा फंडही येतोच का? ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीच्या दिवसांत, चांदीने ५० डॉलरचा टप्पा ओलांडून १९८० आणि २०११ चे दोन्ही उच्चांक मागे टाकले. भारतातून सणाची मागणीही त्या वेळी जोरात होती. पण त्याच दिवसांत हा फंड, स्प्लिट धरूनही, २०११ च्या आपल्या शिखराच्या खालीच होता. मधल्या वर्षांत डिझेल आणि मजुरी महागली. काही कंपन्यांनी पैसे उभे करायला नवे शेअर्स काढले, त्यामुळे जुन्या मालकाचा वाटा बारीक झाला. मेक्सिको हा चांदीचा सर्वांत मोठा उत्पादक देश. त्याने २०१४ पासून खाणींवर नवे कर लावले. चांदीला यातलं काहीच भरावं लागत नाही, खाणीला सगळं भरावं लागतं.

तेव्हा मंडळी, जुना भाव दिसला की तीन प्रश्न विचारा. हा कोणत्या मापाच्या शेअरचा भाव? डिव्हिडंड धरून की सोडून? आणि हा चांदीचा भाव की चांदी खणणाऱ्याचा? शिवाय एक काम याच दिवाळीत करा. घरातल्या जुन्या पावत्या एका फायलीत लावा, आणि जिथे शेअर्सची संख्या बदलली असेल तिथे पेन्सिलीने कारण लिहून ठेवा. बायकोला, नवऱ्याला, मुलांना ती फाईल कुठे आहे ते सांगा. आकडे मागे राहतात, पण ते समजावून सांगणारा माणूस नेहमी जवळ असतोच असं नाही.