शिवलेल्या हृदयाची राखण

१९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एडलर व हर्ट्झ यांनी पोलादातील भेगा शोधणाऱ्या ध्वनियंत्राने धडधडत्या हृदयाचा आलेख काढला. ‘इको’चा उगम तो. पुढल्याच वर्षी मिनियापोलिसला डॉ. लिलेहाय यांनी ‘निळ्या बालका’च्या हृदयातील चौपदरी दोष दुरुस्त केला. पण दुरुस्ती म्हणजे निश्चिंती नव्हे. अशा मुलांत फुप्फुसाकडील झडप पुढे अनेकदा गळते, उजवा कप्पा फुगत जातो; मूल मात्र हसतखेळत असते. इको व एमआरआय हे वेळीच दाखवतात.

२०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे अंगणवाड्या-शाळांतून हृदयदोष हुडकले जाऊ लागले. परंतु पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील चुडाव्यासारख्या गावी फेरतपासणी म्हणजे मजुराचा बुडालेला रोज. त्या आईबापांची वाट सुकर करणे, हीच आपली शेजारधर्माची कसोटी.