पोरक्या मुलीची विद्या : गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर

आपल्या गोमंतक मराठा समाजातील स्त्रियांनी संगीतविद्येची जी सेवा केली, तिचा गौरव समाजाच्या व्यासपीठांवरून व स्मरणिकांतून वारंवार होत असतो, आणि तो योग्यच आहे. परंतु ह्या गौरवात बहुधा नामावळी असते, मानसन्मानांची यादी असते. ती विद्या त्या स्त्रियांनी कोणत्या अवस्थेत संपादन केली, ह्याचा विचार क्वचितच होतो. घरातील कर्ते माणूस गेले की पहिला घाव मुलांच्या शिक्षणावर पडतो, हे आम्ही अध्यापनाच्या व्यवसायात पुष्कळ पाहिले आहे. म्हणून ज्या मुलीच्या बाबतीत तसे घडले नाही, त्या मोगूबाई कुर्डीकरांचे पूर्वचरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

गोव्याच्या सांगे तालुक्यातील कुर्डी हे मोगूबाईंचे गाव. त्यांचा जन्म १५ जुलै १९०४ रोजी झाला. हे गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आणि गावकऱ्यांना वाडे व वाळकिणी येथे वसविण्यात आले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की देवळाचे व घरांचे अवशेष उघडे पडतात आणि जुनी माणसे तेथे जाऊन माथा टेकून येतात. गाव बुडाले, पण मोगूबाईंच्या आडनावाने त्याचे नाव हिंदुस्थानभर राहिले.

मोगूबाईंच्या मातोश्री जयश्रीबाई ह्या स्वतः गाणाऱ्या होत्या. आपल्या मुलीने गाण्यात मोठे नाव मिळवावे, ही त्यांची एकच आस. घरची स्थिती बेताची, गावात गुरू नाही. तेव्हा मुलीस घेऊन त्या जांबावलीच्या देवस्थानी गेल्या आणि तेथे आलेल्या एका साधुपुरुषाकडून तिला काही भजने शिकविली. पुढे त्यांनी तिला चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी ह्या नाटकमंडळीत घातले. नाटकमंडळी म्हणजे आजच्या समजुतीप्रमाणे केवळ करमणुकीचा धंदा नव्हे. ज्या मुलीस शाळा नाही व गुरूस देण्यास द्रव्य नाही, तिच्यासाठी तीच पाठशाळा होती. तेथे अन्न मिळे, आसरा मिळे आणि रोज गाणे कानी पडे.

१९१४ साली जयश्रीबाई वारल्या. मोगूबाई तेव्हा अवघ्या दहा वर्षांच्या होत्या. आईवाचून मंडळीबरोबर गावोगाव हिंडणारी दहा वर्षांची मुलगी, एवढेच शब्द उच्चारले तरी त्या काळचा धोका ध्यानी यावा. अशा मुलींचे पुढे काय होई, हे समाजातील वृद्ध स्त्रियांस ठाऊक होते. त्या बोलत नसत, इतकेच. परंतु आईने लावलेली गाण्याची ओढ आईबरोबर गेली नाही.

ही मंडळी पुढे बंद पडली व मोगूबाई सातारकर स्त्री संगीत मंडळीत आल्या. मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याचा तो काळ. अशा वेळी केवळ स्त्रियांनी चालविलेल्या मंडळ्या ही आपल्या मुलींना मोठीच सोय होती. 'सौभद्रा'तील सुभद्रा व 'पुण्यप्रभावा'तील किंकिणी ह्या त्यांच्या भूमिका नावाजल्या गेल्या. येथेच त्यांस चिंतुबुवा गुरवांची तालीम मिळाली. पुढे मंडळीत मतभेद होऊन हाही आसरा सुटला. प्रकृती बिघडली आणि उपचारांसाठी १९१९ च्या सुमारास त्यांस सांगलीस आणण्यात आले. आई गेली, मंडळी गेली, वर आजारपण. पंधराव्या वर्षी कोणीही हातपाय गाळून बसले असते. मोगूबाईंनी रियाज सोडला नाही.

त्या रियाजानेच पुढचे दार उघडले. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक खाँसाहेब अल्लादियाखाँ ह्या वेळी स्वतःच्या उपचारांसाठी सांगलीत होते. जाता-येता ह्या मुलीचा आवाज त्यांच्या कानी पडे. एके दिवशी ते आपण होऊन घरी आले, तिचे गाणे ऐकले आणि शिकविण्यास आरंभ केला. आपणास शिकविणारे हे गृहस्थ कोण, हे प्रथम त्या मुलीस ठाऊकही नव्हते, असे सांगतात. हा केवळ दैवयोग म्हणावा काय? आमच्या मते नव्हे. गुरू रस्त्याने गेले हा दैवयोग खरा. परंतु त्या वेळी घरातून गाणे ऐकू येत होते, हे त्या मुलीचे कर्तृत्व होय.

खाँसाहेब मुंबईस गेले, तेव्हा मोगूबाईही त्यांच्या पाठोपाठ तेथे आल्या. तथापि तेथे खाँसाहेबांनी अन्यत्र स्वीकारलेल्या शिकवणीच्या अटी आड आल्या आणि प्रत्यक्ष तालीम थांबली. मोगूबाई रुसून बसल्या नाहीत. आग्रा घराण्याचे बशीरखाँ व विलायत हुसेनखाँ, त्यानंतर अल्लादियाखाँचे बंधू हैदरखाँ, अशा गुरूंकडे त्यांनी विद्या चालू ठेवली. अखेर १९३४ साली अल्लादियाखाँनी त्यांस गंडा बांधला. १९४६ साली खाँसाहेब पैगंबरवासी होईपर्यंत ही तालीम चालली. आईच्या मृत्यूपासून गंडाबंधनापर्यंतची ही वीस वर्षे ज्याने मोजली, त्याला विद्येची किंमत निराळी सांगावी लागणार नाही.

संकटे मात्र संपली नव्हती. मोगूबाईंचा विवाह माधवदास भाटिया ह्यांच्याशी झाला होता. १९३९ साली तेही निवर्तले. पस्तिशीतील विधवा आणि पदरी दोन मुली व एक मुलगा. थोरली किशोरी तेव्हा दहा वर्षांचीही नव्हती. जयश्रीबाईंच्या घरी जे घडले, तेच पुन्हा घडण्याची ही वेळ होती. मोगूबाईंनी गाण्यावर घर चालविले. मैफलींसाठी तिसऱ्या वर्गाने प्रवास केला, अल्प बिदागी घेतली, पुष्कळ ठिकाणी यजमानांनी गायिकेस न शोभणारी वागणूक दिली, तीही सोसली. आईबरोबर तंबोऱ्यास बसणाऱ्या किशोरीने हे सारे पाहिले, आणि पुढे कलावंताच्या मानाविषयी त्या कधीही तडजोड करीनात, त्याचे मूळ येथे आहे.

मोगूबाईंनी ह्या मुलीस शाळेत घातले व महाविद्यालयापर्यंत शिकविले. स्वतःच्या वाट्यास जे शालेय शिक्षण आले नाही, ते मुलीच्या वाट्यास आणले. त्याबरोबर गाण्याची तालीमही कडक ठेवली. बंदिशीची ओळ त्या दोनदा गाऊन दाखवीत, तिसऱ्यांदा नाही. शिष्याने तेवढ्यात उचलली पाहिजे. मुलीने अन्य गुरूंचेही घ्यावे म्हणून त्यांनी तिला अंजनीबाई मालपेकर ह्यांच्यासारख्या थोर गायिकेकडे पाठविले. मुलीवर माया असूनही तिला केवळ आपल्यापुरते न बांधणे, हे फार थोड्या गुरूंस साधते.

फळे सर्वविदित आहेत. मोगूबाईंस १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९७४ साली पद्मभूषण मिळाले. किशोरीताईंस १९८७ साली पद्मभूषण व २००२ साली पद्मविभूषण. कमल तांबे, पद्मा तळवलकर, अरुण द्रविड असे शिष्य मोगूबाईंनी तयार केले. १० फेब्रुवारी २००१ रोजी मोगूबाई निवर्तल्या आणि ३ एप्रिल २०१७ रोजी किशोरीताई. मायलेकींच्या ह्या यशात आपणा सर्वांस वाटेकरी होणे आवडते. परंतु दहा वर्षांची मोगू पोरकी झाली, तेव्हा तिच्या शिक्षणाचा भार वाहण्यास समाज म्हणून आपण कोठे होतो, हाही प्रश्न ह्या चरित्रातूनच निघतो.

आज आपल्या घरांतून डॉक्टर, वकील, अध्यापक निघत आहेत. ह्याचा आम्हांस अभिमान आहे. पण त्याबरोबर घरातील तंबोरा कोनाड्यात गेला आणि आजीच्या गाण्याचा उल्लेख पाहुण्यांसमोर टाळण्याची रीत पडली, हेही खरे. आमच्या मते ही लाज अस्थानी आहे. त्या स्त्रियांनी उपेक्षा सोसून जी विद्या राखली, तीच आपल्या आजच्या शिक्षणाची पहिली पायरी होय. शाळा आणि तंबोरा ह्यांत वैर नाही. मोगूबाईंच्या एकाच घरात दोन्ही नांदले.

म्हणून सभासद कुटुंबांस आमची विनंती दोन गोष्टींची आहे. आपल्या घरातील ज्या स्त्रियांनी गाणे जतन केले, त्यांची नावे, गावे व गुरू मुलांस सांगावीत व लिहून ठेवावीत. आणि आपल्या आळीत एखाद्या मुलीचे आईवडील गेले, तर सांत्वनास जाऊन परतताना एवढेच विचारून यावे की तिची शाळा व तिचे गाणे उद्यापासून कोणी चालवावयाचे. उत्तर मिळाले नाही, तर ते काम आपले आहे असे समजावे.