चौदाव्या लेव्हलच्या वर कोणी नाही

एप्रिल १९७६ मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या छोट्या अमेरिकी नियतकालिकात गॅरी गायगॅक्स यांनी एक हिशेब मांडला. वर्षाला ५० ते ७५ बैठका खेळणारा बऱ्यापैकी खेळाडू, त्याचे पात्र जगलेच तर, नवव्या ते अकराव्या लेव्हलला पोचावा. पुढच्या वर्षात आणखी दोन-तीन. विसावी गाठायला चार-पाच वर्षे लागावीत. आणि ब्लॅकमूर व ग्रेहॉक या सर्वांत जुन्या दोन मोहिमांत, आपल्या माहितीप्रमाणे, चौदाव्या लेव्हलच्या वर कोणीही गेलेले नाही.

हे सांगावे लागले, कारण इतर ठिकाणचे खेळाडू चाळिसाव्या लेव्हलचे वीर मिरवत होते.

खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये आणला. एक जण भुयारे आणि राक्षस सांभाळतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. लुडोसारखा हा एका बैठकीत संपत नाही. तेच पात्र पुढच्या आठवड्यात, पुढच्या वर्षी. म्हणून इथे मरण हा गंभीर मामला.

याचे मूळ युद्धखेळात आहे. ‘चेनमेल’च्या (१९७१) नियमांत साधा शिपाई एका फटक्यात संपे. त्याचे दुःख कोणाला? बाजूला आणखी वीस उभे असत. पण आर्नेसन यांच्या ब्लॅकमूरमध्ये प्रत्येकाकडे एकच माणूस, आणि त्याच्यावर जीव जडलेला. मग आर्नेसन यांनी अमेरिकी यादवीतल्या चिलखती जहाजांसाठी केलेल्या आपल्याच नियमांतून कल्पना उचलली. जहाज बुडण्याआधी काही तडाखे सोसते. माणसालाही तशीच सहनशक्ती दिली.

फार नाही दिली. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला एका फाशाइतके आयुष्य, आणि लागलेल्या वाराचे नुकसानही एका फाशाइतकेच. लढवय्याला दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० गुण लागत, तिसऱ्यासाठी ४,०००, नवव्यासाठी २,४०,०००. एका सुवर्णनाण्याला एक गुण. त्यामुळे शहाणा खेळाडू लढाई टाळून खजिना पळवायचा. गायगॅक्स यांच्या ‘टूम ऑफ हॉरर्स’ या कुप्रसिद्ध थडग्यात रॉब कुन्ट्झ यांच्या रोबिलारने ऑर्क नोकर पुढे धाडले, ते मेले, आणि हा खजिना गोळा करून निसटला. नोकरांच्या नशिबाबद्दल वाईट वाटते, पण म्हातारा होणारा वीर असाच असतो.

मला सर्वांत आवडतो तो १९७४ च्या पुस्तकातला वारसाचा नियम. पात्र खेळातला एक महिना बेपत्ता राहिले, तर आधी नेमलेल्या एका नातेवाइकाला १० टक्के कर भरून सारी मिळकत मिळे. फरायजचा हिशेब माहीत असलेल्यांना हे अजब वाटेल. आपल्याकडे बायको, आई, मुलगा, मुलगी यांचे हिस्से ठरलेले, वसीयत फार तर एक तृतीयांशाची, आणि बेपत्ता माणसाच्या मिळकतीला महिन्याभरात हात लावणे तर दूरच. इथे मात्र मूळ मालक परतला तर त्यालाच पुन्हा १० टक्के कर भरावा लागे, आणि नातेवाईक पुढे कारस्थान करील अशीही सोय होती! हे लिहिणाऱ्याला माणसे कळत होती.

पण त्या वारसाला सुरुवात पहिल्या लेव्हलपासूनच करावी लागे. सोने वारशाने मिळे, लेव्हल मिळत नसे. चाळिसाव्या लेव्हलवरचा राग मला इथे पटतो. उदार संचालकांना ‘मॉन्टी हॉल’ म्हणून हिणवत. टीव्हीवर बक्षिसे वाटणाऱ्या सूत्रसंचालकाचे हे नाव. त्यांनी वाटलेली लेव्हल खेळाडूला दुखवत नव्हती, पण जो तीन वर्षे भुयारात जीव मुठीत धरून नवव्या लेव्हलला पोचला, त्याची तीन वर्षे ती पुसून टाकत होती.

१९७६ मध्येच देवादिकांचे आकडे देणारे पुरवणी पुस्तक निघाले. टिम कास्क यांनी प्रस्तावनेत बजावले की आता तरी अशा मोहिमांचा पोकळपणा दिसावा: तुमचा वीर देवापेक्षा मोठा कसा? झाले उलटेच. देवाला आकडा आहे म्हणजे तो मारता येतो, असे कित्येकांनी धरले.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आयुष्य शून्यावर आले तरी पात्र लगेच मरत नाही. दर फेरीला वीस बाजूंचा फासा टाकायचा, दहा किंवा जास्त आले तर यश. तीन यश आधी आले तर जीव वाचतो, तीन अपयश आधी आले तर नवे पात्र लिहायला घ्यायचे. वारसाचा नियम त्यात नाही.