नाथसागरच्या काठावर एवढे पक्षी का उतरतात?

पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडी धरण आहे, त्याचा जलाशय म्हणजे नाथसागर. १९७६ साली धरणाचं लोकार्पण झालं आणि १९८६ मध्ये सुमारे ३४१ चौरस किलोमीटर परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याची हद्द शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातही जाते.

हा जलाशय पसरट आणि उथळ आहे, खरी गोष्ट तीच. हिवाळ्यात पाणी ओसरू लागलं की काठाचा गाळ उघडा पडतो. त्यातले किडे, शिंपले, पाणवनस्पती म्हणजे पक्ष्यांचं ताट. रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, उथळ पाण्यात चोच उलटी धरून चिखल गाळून खातो. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतो. चक्रवाक, तलवार बदकं, चित्रबलाकही दिसतात.

पण हाच गाळ शेतकऱ्यालाही हवा असतो. पाणी हटलं की गाळपेर सुरू होते. त्यावर घरं चालतात, हे नाकारून कसं चालेल? मात्र तिथली फवारणी थेट पाण्यात उतरते, आणि तेच पाणी पैठण, संभाजीनगर पितं.

उन्हाळ्यात टिटवी, नदीसुरय उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. ती मातीच्याच रंगाची असतात, पटकन दिसत नाहीत. तेव्हा काठानं गुरं, ट्रॅक्टर नेताना जरा खाली बघून न्या.