सुप्याचा घाट आणि काठ नसलेलं पाणी

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात रामनगरला एका घरी वास्तुशांतीला गेलो होतो. जेवणं झाल्यावर ओसरीवर गप्पा चालल्या होत्या. एका तरुण मुलाने मोबाइलवर एक चित्र दाखवलं, त्याने स्वतःच कॉम्प्युटरवर केलेलं. सुपा धरणाच्या बॅकवॉटरचा काठ 'डेव्हलप' केला तर कसा दिसेल, याचं. काचेचा पूल, रंगीत कारंजं, सेल्फी पॉइंट, खाण्याचे स्टॉल, रात्री दिवे. सगळ्यांनी वा वा केलं, मीही केलं. मुलगा हुशार आहे आणि आपल्या तालुक्यात काहीतरी व्हावं अशी त्याची मनापासून इच्छा आहे. मोबाइल फिरत फिरत कोपऱ्यात बसलेल्या मावशींकडे गेला. वय पंच्याऐंशीच्या पुढे, जन्म जुन्या सुप्यातला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाळा, ह्यात पाण्यात उतरायचं कुठनं?"

मुलगा गप्प झाला. मग हसून म्हणाला, "आजी, उतरायचं नाही, बघायचं."

तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसलो.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं सांगतो. आज ज्याला जोयडा तालुका म्हणतात तो आमच्या लहानपणी सुपा तालुका. १९५६ पर्यंत आमचा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे मराठी शाळा, मामलेदार कचेरी, कागदोपत्रीची भाषा, सगळं त्या वळणाचं. घरात कोकणी, शाळेत मराठी, कचेरीत हळूहळू कन्नड, आणि बाजारात ज्याला जी येईल ती. सुपा हे तालुक्याचं ठिकाण होतं. डिग्गीकडून येणारी काळी आणि दुसऱ्या बाजूने येणारी पांढरी, या दोन नद्यांच्या संगमाजवळचं गाव. काळी पुढे दांडेलीवरून, जंगलातून, कद्र्यावरून कारवारला समुद्राला मिळते. उगमापासून मुखापर्यंत १८४ किलोमीटर आणि सगळा प्रवास एकाच जिल्ह्यात. अशी नदी दुसरी पटकन आठवत नाही.

सुप्याचा घाट म्हणजे वाईसारखा नव्हे. कुणा सरदाराने वगैरे बांधलेला नाही. चिऱ्याच्या दगडांच्या पायऱ्या, काही निखळलेल्या, मध्येच एका जागी दगडाऐवजी लाकडाचा ओंडका. पण गाव त्या पायऱ्यांवरच चालायचं. बायका धुण्याला, गुरं पाण्याला, गणपती विसर्जनाला, दशपिंडाला, पोहायला शिकायला, भांडायलाही तिथेच. पावसाळ्यात आम्ही पोरं पायऱ्या मोजायचो. वरून तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की मास्तर शाळा सोडायचे, कारण नदीपलीकडच्या मुलांना परत जायचं असे. गावाचं वेळापत्रक त्या पायऱ्यांवर लिहिलेलं होतं म्हणा ना.

१९७०च्या दशकात काळी जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू झालं. गणेशगुडीला धरण, १०१ मीटर उंच, ३३२ मीटर लांब. साठा सुमारे १४५ टीएमसी. महाराष्ट्रातल्या वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगतो, कोयना १०५ टीएमसी आहे. म्हणजे कोयनेपेक्षा मोठा तलाव आमच्या जंगलात आहे आणि बाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही. ऐंशीच्या दशकात पाणी चढत गेलं, १९८७ मध्ये धरण पूर्ण झालं. सुपा गाव गेलं, भोवतालची खेडी गेली. कचेऱ्या जोयड्याला आल्या, बरीचशी माणसं रामनगरला बेळगाव-गोवा रस्त्यावर वसवली गेली, काही इकडे-तिकडे पांगली. गंमत बघा, गाव बुडाल्यावरही तालुक्याचं नाव कागदावर सुपाच राहिलं बरीच वर्षं. नसलेल्या गावाचा तालुका.

मी तेव्हा बँकेत नोकरीला लागलेलो होतो. कॉमर्सचा विद्यार्थी, आकड्यांवर विश्वास ठेवणारा. भरपाई १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे ठरली. घर, जमीन, त्यावरची झाडं. आंबा, फणस, माड, एकेक मोजला गेला. आमच्या परसातल्या फणसाची किंमत लागली तेव्हा आई हसली होती, एवढ्यात तर ह्याचे गरेसुद्धा येत नाहीत म्हणून. पण घाट यादीत नव्हता. नसणारच. तो कुणाच्या नावावर नव्हता. ज्याचा मालक नाही त्याची भरपाई कुणाला देणार? त्या वेळी मला हे अगदी बरोबर वाटलं होतं. खातंच नाही तर जमा कशी करणार?

वडील सही करायला कां-कूं करत होते. त्यांनी मला एकच विचारलं, "तिकडे नदी आहे का रे?" मी म्हणालो, "अण्णा, नळ येणार आहे." त्यांनी सही केली. रामनगरला उन्हाळ्यात पाण्याची काय ओरड असते हे तिथले लोक जाणतात. एवढ्या मोठ्या तलावासाठी ज्यांनी घरं दिली त्यांनी हंडे घेऊन रांगेत उभं राहावं, हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

भरपाईच्या पैशाचं काय झालं तेही पाहिलं. माणसं चांगली, पण एकरकमी पैसा कधी हातात आलेला नाही. कुणी लग्नं लावली, कुणी नातेवाइकाला उसने दिले ते दिलेच. दोन-तीन वर्षांत पासबुकं रिकामी. मी कितीजणांना मुदत ठेवीचे फॉर्म पुढे केले, काहींनी केल्याही ठेवी, आणि मुदतीआधीच मोडल्या. तो वेगळा विषय, कधीतरी लिहीन.

आता मुद्द्यावर येतो. त्या मुलाचं चित्र सुंदर होतं पण त्यात एक चूक होती. अशी चित्रं काढणारा मोठमोठा माणूसही ती करू शकतो. चित्रातलं पाणी एका जागी उभं होतं. आमच्या तलावाचं पाणी एका जागी उभं राहत नाही.

सुप्याचं धरण मुख्यतः साठवणुकीचं आहे. पावसाळ्यात पाणी धरायचं, उरलेलं वर्ष सोडायचं. धरणाच्या पायथ्याशी ५० मेगावॅटचे दोन संच आहेत, पण खरी वीज पुढे. सोडलेलं पाणी बोम्मनहळ्ळीच्या धरणात जातं, तिथून बोगद्याने नागझरीच्या वीजघरात. तिथे सहा संच, सुमारे ९०० मेगावॅट. त्याच्या खाली कोडसळ्ळी, मग कद्रा, आणि कद्र्याच्या पाण्यावर कैगाचा अणुवीज प्रकल्प. म्हणजे बंगळुरात उन्हाळ्यात पंखे जोरात फिरायला लागले की आमच्या तलावाची पातळी उतरायला लागते. पूर्ण भरल्यावर समुद्रसपाटीपासून ५६४ मीटर. पण पूर्ण भरलेली वर्षं थोडीच. मे अखेर पाणी पंधरा-वीस मीटर खाली गेलेलं असणं काही नवल नाही. उतारावर पंधरा मीटर खाली म्हणजे सपाट दिशेने किती लांब, याचा विचार करा. डिसेंबरात जिथे कारंजं बांधलं तिथून मे महिन्यात पाणी दिसेल न दिसेल. मध्ये नुसता लाल चिखल, भेगा पडलेला, सुकलेल्या झाडांचे बुंधे वर आलेले.

अहमदाबादला साबरमतीचा काठ बांधला, त्याचे फोटो पाहून आपल्याकडेही तसं हवं असं सगळ्यांना वाटतं. पण तिथे खाली वासणा बॅरेज आहे, पाणी नर्मदेच्या कालव्यातून येतं, आणि पातळी जवळजवळ कायम ठेवता येते. म्हणून काँक्रीटची सरळ भिंत बांधता आली. बरोबर की चूक तो वाद वेगळा, पुण्यात मुळा-मुठेवरून चालूच आहे. आमच्याकडे तो पर्यायच नाही. आमचा काठ दर महिन्याला जागा बदलतो.

धरणाच्या खालच्या बाजूलाही तेच. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गणेशगुडीला राफ्टिंग सुरू झालं, पुण्या-मुंबईची, हुबळीची पोरं येतात, होम-स्टे उभे राहिले. आमच्या काही कुणबी घरांतल्या मुलांना गाइडचं काम मिळालं, ही चांगलीच गोष्ट. पण ते चालतं धरणातून पाणी सोडतात तेव्हाच. वीज नको असेल त्या दिवशी नदी गुडघाभर आणि दगड उघडे. वर तलाव, खाली नदी, दोन्हीची चावी एकाच ठिकाणी.

आणि काठाचे मालक किती? बुडीत हद्दीपर्यंत जमीन वीज महामंडळाची, त्याच्या वर वनखात्याची. त्यातही २००७ पासून व्याघ्र प्रकल्प, २०१५ मध्ये त्याला काळी नदीचंच नाव दिलं. वाघ राहिला तर पाणी राहील हे मला पटतं, माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण या सगळ्यात पाण्यापर्यंत जायची वाट कुणाच्या कामात बसते? कुणाच्याच नाही. पुन्हा तेच, खातंच नाही.

घाटाखाली गोव्यात, सांगे तालुक्यात, कुर्डी गाव आहे. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. साळावली धरणात ऐंशीच्या दशकात बुडालं, सुमारे तीन हजार वस्ती होती. दरवर्षी मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं, आणि माणसंही येतात. सोमेश्वराच्या देवळापाशी उत्सव होतो, ख्रिस्ती लोकांच्या कपेलाकडे फेस्त होतं. मी एकदा गेलो होतो. म्हातारी माणसं नातवंडांना हात धरून जोती दाखवत होती, ही आपली पडवी, ही विहीर. तिथे कुणी कारंजं बांधलेलं नाही. लोकांनी फक्त आपलं येणं सोडलं नाही. काठाचं नियोजन म्हणून पाहिलं तर यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ मला दुसरं माहीत नाही.

दुसरं उदाहरण कोयनेचं. शिवसागराच्या काठावर तापोळा, बामणोली इथे गावातल्याच लोकांचे बोट क्लब आहेत. मी तापोळ्याला गेलो तेव्हा बोट चालवणाऱ्याशी गप्पा मारल्या. त्यांची शेती कोयनेत गेलेली, आता त्याच पाण्यावर घर चालतं. पातळी उतरली की धक्का खाली सरकवायचा, एवढं सोपं सांगितलं त्याने. तरंगता धक्का आणि सरकणारी वाट. हे बाहेरून आलेल्या कन्सल्टंटला सुचायला वेळ लागेल, रोज पाण्यात उतरणाऱ्याला लगेच सुचतं.

वडील १९९१ च्या एप्रिलमध्ये गेले. अस्थी सुप्याच्या पाण्यातच सोडायच्या असं ते सांगून गेले होते. आम्ही तिघे भाऊ तलावाच्या कडेला गेलो. पाणी दूर. चिखल वरून वाळलेला, आतून ओला. दहा पावलांवर धाकटा मांडीपर्यंत रुतला. त्याला ओढून काढला, मडकं तेवढं वाचलं. शेवटी एका ओहोळाच्या तोंडाशी, घोटाभर पाण्यात, सोडल्या. तिथून त्या संगमापर्यंत गेल्या असतील का, कोण जाणे. घरी आल्यावर आईला आम्ही "घाटापाशी सोडल्या" असं सांगितलं.

म्हणून मावशींचा प्रश्न मला लागला.

त्या मुलाशी नंतर बोललो. त्याला राग आला नाही, उलट वही काढून बसला. काय लिहिलं ते थोडक्यात सांगतो. आधी तीन-चार गावांतल्या जुन्या माणसांना सोबत घेऊन मे महिन्यात काठाने फिरायचं, आणि पाणी सर्वात खाली असताना कुठे उतार कमी आहे, कुठे खाली दगड आहे, चिखल नाही, ते बघायचं. अशी एकच जागा निवडायची. तिथे वरपासून खालपर्यंत चिऱ्याच्या पायऱ्या, जितकं पाणी उतरेल तितक्या उघड्या पडतील अशा. पायरीवर मीटरचे आकडे कोरायचे, म्हणजे शाळेतल्या मुलांनाही तलाव वाचता येईल. धरणाच्या खालच्या अंगाला जागा निवडली तर पाणी सोडण्याच्या वेळा आणि भोंगा आधी, बाकी नंतर. बायकांसाठी आडोसा. बोटी ठेवायच्या तर त्या बुडीतग्रस्तांच्या घरांनी. मग पैसे उरले तर कारंजं. हे ग्रामसभेत मांडायचं, ठराव करून घ्यायचा, आणि तो ठराव घेऊन महामंडळाकडे आणि वनखात्याकडे जायचं. रिकाम्या हाताने गेलं की अर्ज टपालात जातो, ठरावाला निदान आवक क्रमांक पडतो. चाळीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलोय, एवढं कळतं.

परवानगी मिळेल का? व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत नव्या बांधकामाला सहजासहजी मिळत नाही, आणि मिळू नये असंही मला वाटतं. पायऱ्यांना बांधकाम म्हणायचं की नाही यावरच दोन वर्षं जातील. मुलगा म्हणाला, काका, मग तुमच्या पिढीने तेव्हाच का नाही मागितला घाट? मी त्याला खरं तेच सांगितलं, की आम्हाला सुचलंच नाही. आम्ही घर मागितलं, जमीन मागितली, नोकरी मागितली, नळ मागितला. घाट मागायची वस्तू आहे हे घाट गेल्यावर कळलं.

मे महिन्यात फिरायचं ठरलंय. मावशी म्हणाल्या आहेत, मला खुर्चीत बसवून न्या.

एक विनंती. सुप्याच्या जुन्या घाटाचा, संगमाचा, बाजाराचा फोटो कुणाच्या घरी अल्बममध्ये असेल तर कॉमेंटमध्ये टाका. आमच्याकडे एकच आहे, भावाच्या मुंजीचा, १९६४ चा, आणि त्यात घाटाच्या फक्त वरच्या दोन पायऱ्या दिसतात.